गंभीर तक्रार : निरंक

पिठाच्या डब्याचं झाकण वाजायला लागलं. इरा नुकती कुठे झोपली होती, म्हणून फोनचा आवाज बंद करून मी तो डब्यावर उपडा ठेवला होता. आता फोन थरथरत होता आणि त्याच्याखाली पत्र्याचं झाकण टरटरत होतं. दुपारचे सव्वादोन. सगळी गल्ली द्राक्षबागेत नाहीतर बेदाण्याच्या शेडवर गेलेली, कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. त्या शांततेत तो आवाज कुणी खोलीत मोटर चालू केल्यासारखा वाटला. इरानं झोपेतच मूठ उघडली, मिटली. मी फोनवर झडप घातली.

“कणसे बाई, शाळेत या जरा.” आमचे हेडसर, नलवडे सर.

“सर, सकाळी इराला नऊ महिन्यांची लस दिलीय. अंग तापलंय तिचं. मी अर्ध्या दिवसाचा अर्ज दिलाय.”

“अर्ज माझ्यासमोरच आहे. दहा मिनिटांचं काम आहे. एक अक्षर ओळखायचंय.”

“उद्या नाही चालणार?”

“नाही,” सर म्हणाले. मग आवाज खाली आला. “पोलीस पाटील बसल्यात समोर.”

घरमालकीण मालनकाकूंना उठवलं आणि इराला त्यांच्या मांडीवर दिलं. त्या म्हणाल्या, “तुझी ती शाळा म्हंजे सासूच हाय बघ. घरात सासू न्हाई म्हणून देवानं दिली.” मी हसले आणि निघाले. खोलीपासून शाळा चार मिनिटांवर. तासगावपासून तेरा किलोमीटरवरचं ते गाव मी निवडलं नव्हतं; नेमणूक तिथं मिळाली. नवरा चाकणला कंपनीत, पंधरा दिवसांनी एक रविवार यायचा. मी शिक्षणसेवक होते, तिसरं वर्ष चालू होतं. तीन वर्षं सुरळीत पार पडली की जूनमध्ये कायम. मधल्या सुट्टीत बाकीच्या बाई डबा खात बसायच्या आणि मी घराकडे धावत सुटायची, इराला पाजायला. घंटेच्या आत परत. त्या वर्षी मी शाळेची मधली सुट्टी एकदाही पाहिली नाही.

ऑफिसात टेबलावर तक्रारपेटी उघडी होती आणि चिठ्ठ्यांचा ढीग पसरला होता. समोर पोलीस पाटील, उज्ज्वलाताई जमदाडे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून बसल्या होत्या. जानेवारीतच त्यांची नेमणूक झाली होती. त्यांच्या आधीचे पाटील दर शुक्रवारी यायचे, चहा घ्यायचे, वहीवर सही करायचे आणि जायचे. या बाई त्या शुक्रवारी पहिल्यांदाच आल्या आणि पेटी उघडून प्रत्येक चिठ्ठी वाचत बसल्या. ढीग बघून मला मनातून हसू आलं होतं. पुढचं वाक्य लिहायला मला अजूनही जड जातं. हसू आलं होतं, कारण त्या चिठ्ठ्यांमध्ये वाचण्यासारखं काही नसतं हे मला पक्कं माहीत होतं.

कारण त्या मीच लिहून घेत होते.

पेटी शासनाच्या आदेशानं आली होती. मुलांनी मनातली तक्रार निनावी लिहून टाकायची, ती पोलीस पाटलांसमोर उघडायची, वहीत नोंद करायची. पहिल्या तपासणीला साहेबांनी उघडून बघितली तर आत पालीची दोन अंडी आणि एक चॉकलेटचा कागद. साहेब म्हणाले, “रिकामी पेटी म्हणजे काय समजायचं आम्ही? मुलं घाबरतात असं समजायचं?” त्या दिवसापासून हेडसरांनी नियम केला, दर शुक्रवारी प्रत्येक वर्गातून दहा तरी चिठ्ठ्या पडल्याच पाहिजेत. दिवाळीनंतर मी बाळंतपणाच्या रजेवरून परत आले तेव्हा पेटीचं काम माझ्या गळ्यात पडलं. मुलं विचारायची, “काय लिहू बाई?” मी म्हणायची, “काहीही लिहा. पाण्याच्या टाकीचं लिहा.” मुलं लिहायची. टाकी धुवा. टाकीत शेवाळ आहे. टाकीचा नळ गळतो. मी चिठ्ठ्या मोजायची, वरवर नजर टाकायची, ‘पाणी’ दिसलं की पाण्याच्या गठ्ठ्यात, ‘पंखा’ दिसला की पंख्याच्या. आणि वहीत लिहायची : प्राप्त चिठ्ठ्या चौतीस, विषय पाण्याची टाकी व पंखे, गंभीर तक्रार निरंक. खाली माझी सही, त्याखाली सरांची. घरी जाऊन सावकाश वाचू म्हणून चिठ्ठ्या पिशवीत भरून न्यायची. सावकाश असं त्या वर्षी माझ्याकडे काहीच नव्हतं.

“हे बघा,” म्हणून सरांनी एक चिठ्ठी पुढे सरकवली.

मला आधी दिसली ती रेघ. सगळी मुलं शब्द लिहून झाला की वर रेघ मारतात. सहावीतली एकच मुलगी आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब रेघ ओढायची आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं खाली टांगायची.

“ही कस्तुरी,” मी म्हणाले. “कस्तुरी लोखंडे, सहावी.” ब्याण्णव मुलांची अक्षरं मी नुसत्या नजरेनं ओळखायची, त्याचा मला अभिमान होता. नाव घेऊन झाल्यावर मी चिठ्ठी वाचली.

‘सोमवारी प्रार्थनेच्या वेळी मी पाण्याच्या टाकीत द्राक्षाचं औषध टाकणार आहे. मग सगळे मरतील.’

“नक्की तिचंच?” पाटीलताईंनी विचारलं.

“अक्षर... तिच्यासारखं आहे.”

“आत्ता ‘ही कस्तुरी’ म्हणालात की. लगेच ‘सारखं’ झालं व्हय?”

आमच्या भागात औषध म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. द्राक्षबागेची फवारणी ज्याच्या घरात नाही असं घर गावात शोधावं लागेल. कॅन गोठ्यात असतात, जिन्याखाली असतात, कुठे कुठे न्हाणीच्या कोनाड्यातही असतात.

सर उठून खिडकीशी गेले. तिथून टाकी दिसायची. “टाकीला आजच कुलूप. सोमवारी प्रार्थना आपापल्या वर्गात. आणि या मुलीचा दाखला उद्या हातात देतो. विषय संपला.”

“थांबा सर. संपला कसा?” पाटीलताईंनी चष्मा काढला. “आमच्या ट्रेनिंगला सांगितलंय. धमकी तोंडातनं कुणाच्याबी निघती. आपल्या दारातल्या बायका दिवसातनं धाबारा वेळा म्हणत्यात पोराला, मुडदा पाडीन तुझा म्हणून. म्हणणारा करणार हाय का, ते बघायचं. एक, त्याच्याजवळ सामान हाय का. दोन, भांडण कुणाशी. आणि तीन, ह्याच्या आधी त्यानं कुठं काय सांगून बघितलंय का. सांगून दमलेलं माणूस येगळं आणि एकदम उठलेलं माणूस येगळं. दमलेल्याचं ऐकलं की ते थंड हुतं.”

“आधी काही नाही,” सर म्हणाले. “वही बघा ना. दर आठवड्याची नोंद आहे.” आणि त्यांनी माझी वही उघडून पुढे केली. निरंक, निरंक, निरंक. माझं अक्षर चांगलं आहे. पान छापल्यासारखं दिसत होतं.

“मूळ चिठ्ठ्या?”

“त्या कुठे ठेवायच्या. रद्दी होते नुसती.”

पाटीलताईंनी माझ्याकडे बघितलं. चिठ्ठ्या माझ्या खाटेखाली आहेत हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, “सर, मी निघू का? बाळाला ताप आहे.”

घरी इरा मालनकाकूंच्या खांद्यावर जागी होती. कपाळ अजून गरम होतं. तिला पाजता पाजता मी पायानंच खाटेखालची पिशवी ओढली. ती हलकी लागली. दिवाळीपासूनच्या चिठ्ठ्या होत्या त्यात, पिशवी तट्ट फुगलेली असायला हवी होती.

“काकू, यातले कागद कुठे गेले?”

“बंबाला. रोज मूठभर घेते की पेटवायला. तूच म्हणालीस रद्दी हाय. लेकराच्या अंघोळीला पाणी लागतंय का न्हाई कढत?”

मी इराला मांडीवर आडवी घेतली आणि उरलेल्या चिठ्ठ्या चादरीवर ओतल्या. आता शोधायला काही कष्ट नव्हते. मला ती लांब रेघ फक्त बघायची होती. चार सापडल्या.

पहिली : ‘बाई मला नळावर पाणी पिऊ देत नाहीत. माझ्या हाताला कोड आहे म्हणून. मी नळाला हात लावला की सगळे नळ राखेनं घासतात आणि मला बघायला लावतात.’

दुसरी : ‘डॉक्टर म्हणाले कोड पाण्यातून पसरत नाही. हे वर्गात तुम्ही सांगाल का.’

तिसरी : ‘मी घरून बाटली आणते. बाटली लपवतात. आज पाणी प्याले नाही.’

चौथी : ‘आज पण पाणी नाही.’

चारही चिठ्ठ्यांमध्ये ‘पाणी’ होतं. चारही मी माझ्या हातांनी टाकीच्या गठ्ठ्यात घातल्या होत्या. कस्तुरीच्या बोटांची टोकं आणि ओठांचा एक कोपरा पांढरा होता, ते मी रोज बघत होते. ती वर्गात हात पाठीमागे धरून उत्तर द्यायची, तेही बघत होते. मला वाटायचं, किती शिस्तीची मुलगी आहे.

दूध पिता पिता इरा थांबली आणि माझ्याकडे बघून हसली. तापलेल्या तोंडानं, अगदी मनापासून. मी तिचं तोंड पुसलं.

संध्याकाळी नवऱ्याचा, अभिजितचा फोन आला. त्याची दुसरी पाळी होती, मागे मशिनचा आवाज. मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता, मध्येच कुणाला तरी ‘आलो आलो’ म्हणाला.

“हे बघ, जून जवळ आलाय,” तो म्हणाला. “चार महिने. चार महिने कुठल्या भानगडीत पडू नकोस. कायम झालीस की बदलीचं बघू, मग तिघं एकत्र राहू. हेच ठरलंय ना आपलं?”

“हो. पण ती मुलगी...”

“मुलीचं वाईट वाटतं मलाही. दुसऱ्या शाळेत जाईल ती. पोरं विसरतात गं.” मग जरा थांबून, “इराचा ताप किती आहे?”

“उतरतोय,” मी म्हणाले. उतरत नव्हता.

शनिवारी शाळा सकाळची. पहिल्या तासाच्या आधीच मी सरांच्या टेबलावर चारही चिठ्ठ्या ठेवल्या. त्यांनी त्या एकेक करून वाचल्या. शेवटची दोनदा वाचली. नलवडे सर वाईट माणूस नव्हते. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या झाडांना पाणी घालायला स्वतः यायचे. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले.

“काल तुम्ही गप्प बसलात,” ते म्हणाले.

“काल मला माहीत नव्हतं सर.”

“चिठ्ठ्या घरी आहेत हे तर माहीत होतं.”

मी खाली बघितलं.

“या दाखवल्या तर पोरगी राहील शाळेत, हे मलाही कळतं. पाटीलबाई काल काय म्हणाल्या ते मी ऐकलंय. पण मग वही खोटी ठरते. वही खोटी ठरली की चौकशी. सही वर तुमची आहे, खाली माझी. माझी दोन वर्षं राहिलीत, मला काय, फार तर पेन्शनचं काम अडेल. तुमची फाइल जूनला जायचीय. मूल तान्हं आहे.” त्यांनी चिठ्ठ्या पुन्हा जुन्याच घड्यांवर घडी घातल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. “मी दाखवू नका म्हणत नाही. दाखवा असंही म्हणत नाही. तुमच्या पर्समध्ये राहू द्यात. तुम्ही ठरवा.”

त्यांनी मला दम दिला असता तर बरं झालं असतं. मग मी सगळं त्यांच्यावर ढकलून मोकळी झाले असते.

अकराला शाळा सुटली. पोरं गेली, पटांगणात धूळ खाली बसली. ऑफिसात आम्ही पाच जण. कस्तुरीची आई कमल शेडवरून तशीच आली होती. बेदाण्याला लावायच्या तेलानं हात चिकट, ती ते सारखे पदराला पुसत होती. खुर्ची दिली तरी बसेना.

“बसा वो,” पाटीलताई म्हणाल्या. “मी काय बेड्या घालायला आले न्हाई.”

“आमच्याकडं बाग न्हाई ताई,” कमल उभ्यानंच म्हणाली. “शेडच्या मागं खोलीत ऱ्हातो आमी. औषध कुठलं आमच्यात? उंदराचंबी न्हाई. उंदीर तसंच पळत्यात अंगावरनं.”

“काल बघून आले मी तुमची खोली. न्हाई औषध. ते मान्य.”

“औषध गावात कुठंही मिळतं,” सर म्हणाले.

“तेबी खरं.” पाटीलताई कस्तुरीकडे वळल्या. ती दाराशी उभी होती, हात पाठीमागे. “कस्तुरी, इकडं ये. ही चिठ्ठी तुझी?”

तिनं मान हलवली. हो.

“कुणाला मारायचं व्हतं?”

गप्प.

“कुणावर राग हाय? नाव सांग. मी काय त्याला फासावर देत न्हाई.”

गप्प.

“आगं बोल की,” कमल पुढे झाली. “हातावरनं कोण काय म्हणलं का तुला? मी सांगितलेलं का न्हाई, कोण एक शब्द बोललं तर मला सांग, त्याच दिवशी शाळा बंद. माझ्यासंगं शेडला चल. न्हाई असल्या शाळंची गरज.”

कस्तुरीनं झटकन आईकडे बघितलं आणि तितक्याच झटकन खाली. तेवढ्यात मला कळलं की ती हे घरी का बोलली नव्हती. बोलली असती तर शाळा सुटली असती. तिला शाळा हवी होती. नळावर पाणी मिळत नव्हतं तरी हवी होती.

“मी सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“कुणाला?” पाटीलताई खुर्चीतून पुढे झुकल्या.

“पेटीत.”

पाटीलताईंनी वही ओढून घेतली, पानं उलटली, माझं छापल्यासारखं अक्षर पुन्हा एकदा वाचलं. मग मान वर केली. त्यांचे डोळे बारीक आणि थकलेले होते. त्यांना माझ्याकडून होकारच हवा होता, हे मला तेव्हाही दिसत होतं.

“कणसे बाई, नीट आठवून सांगा. ह्या पोरीचं आधी काय आलं व्हतं का पेटीत? काय बी. असलं तर दाखल्याचं नाव काढायचं न्हाई कुणी, मी बघते मग. सोमवारी त्या टाकीजवळ मी सोता बसते.”

पर्स माझ्या मांडीवर होती. आत इराचं लसीचं कार्ड होतं, तापाच्या औषधाची बाटली होती, आणि त्या दोन्हींच्या मध्ये चार चिठ्ठ्या. माझा अंगठा चेनवर होता. सर खिडकीबाहेर बघत होते. कस्तुरी माझ्याकडे बघत होती, वर्गात उत्तर येत असलं की बघायची तशी.

“नाही,” मी म्हणाले. आणि तेवढ्यावर थांबायला हवं होतं तर वर, “माझ्या बघण्यात तरी नाही.”

पाटीलताईंनी वही मिटली. “मग माझ्याकडं काय ऱ्हात न्हाई धरायला,” त्या कुणाला उद्देशून म्हणाल्या ते कळलं नाही.

दाखला लिहायला सरांना सात-आठ मिनिटं लागली. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात त्यांनी लिहिलं, पालकांच्या विनंतीवरून. कमलनं विचारलं, “मी कवा केली विनंती?” सर म्हणाले, “असंच लिहायची पद्धत आहे, नाहीतर पुढच्या शाळेत अडचण येते तिला.” तिनं सही केली. क काढला, म काढला, ल काढताना पेन कागदाला चिकटलं, बेदाण्याचं तेल लागलं होतं. सरांनी तो डाग टिपकागदानं टिपला.

हे सगळं सहा वर्षांपूर्वीचं. जूनमध्ये माझी मान्यता आली, वेळेवर आली. पुढच्या वर्षी बदलीही झाली आणि आम्ही ठरल्याप्रमाणे एकत्र राहायला लागलो. आता धाकटा तीन महिन्यांचा आहे, मी पुन्हा रजेवर आहे, आणि तो झोपला की अर्धा-पाऊण तास मिळतो, त्यात हे लिहिते. तो कुसकुसला की वही मिटते. दोनदा फाडून टाकलं. नव्या शाळेतही पेटी माझ्याकडेच आहे, मी मागून घेतली. चिठ्ठ्या त्याच दिवशी वाचते, सगळ्या, आणि कुणाला काय लिहा हे सांगत नाही. कधी कधी पेटी रिकामी निघते, आणि तपासणीला आलेले साहेब नाराज होतात. कस्तुरी पुढे कुठल्या शाळेत गेली, गेली की शेडवर गेली, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं.

त्या शनिवारी पाटीलताई स्कूटी चालू करून निघाल्या तेव्हा मी ऑफिसच्या पायरीवर होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. फाटकातून बाहेर वळेपर्यंत त्यांचा हिरवा स्कार्फ मला दिसत होता. मागून सर म्हणाले, “बाई, वर्गातून तिचं काही राहिलं असलं तर देऊन टाका.”

सहावीच्या वर्गात मी तिचा बाक बघितला. चित्रकलेची वही होती, मोडकी पट्टी होती. मग मी कपाटामागे वाकून बघितलं. तिथे तीन बाटल्या होत्या. एक गुलाबी, एक दोरीची, एक शीतपेयाची धुऊन घेतलेली. तिन्हींत पाणी तसंच होतं, गुलाबीतलं हिरवट झालेलं.

फाटकाशी त्या मायलेकी वडापच्या जीपची वाट बघत उभ्या होत्या. मी बाटल्या पुढे केल्या. कमलनं एक हातात घेतली, उलटी-सुलटी केली.

“कुठं घावल्या?”

“कपाटामागे पडल्या होत्या.”

“हरवली हरवली म्हणायची. तिसऱ्या बाटलीला मी हिला चांगली बडवली,” कमल म्हणाली. ती आणखी काही बोलणार होती, पण लांबून वडापची जीप दिसली, तशी बाटल्या पिशवीत कोंबून ती रस्त्याच्या मध्याकडे हात करत गेली.

कस्तुरी आणि मी दोघीच उरलो. ऊन चढलं होतं. तिनं दप्तर दोन्ही खांद्यांवर नीट घेतलं होतं, सोमवारी पुन्हा यायचं असल्यासारखं. हात आज पहिल्यांदाच पुढे होते, पट्ट्यांवर. पांढरी बोटं मला अगदी जवळून दिसत होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणाले, “कस्तुरी, असं लिहू नये गं. लोक घाबरतात.”

“ते खोटंच होतं बाई.”

“मग लिहिलंस कशाला?”

“मी नऊ वेळा लिहिलं होतं आधी,” ती म्हणाली. “खरं खरं. काहीच झालं नाही. मला वाटलं पेटीतलं कुणी वाचतच नाही. म्हणून मग काहीही लिहिलं.”

जीप थांबली. कमलनं आतून हाक मारली. कस्तुरी दोन पावलं गेली, थांबली, आणि परत वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. व्याकरणाच्या तासाला एखादं उदाहरण अडलं की ती कपाळाला आठी घालायची, तशी आठी होती फक्त, आणि उत्तर बाईंना येत असणार याची खात्री.

“बाई,” तिनं विचारलं, “मग ती एकच कशी वाचली?”